गुलामाचं पान आणि रक्ताचा डाग

टेबलावर एक पान पालथं पडलं आहे. त्यावर रक्ताचा बारीकसा डाग आहे. पान गुलामाचं असेल तर समोरच्या माणसानं बादशहा टाकायचा नाही, आणि रयतेचं असेल तर बेधडक टाकायचा. माणूस हुशार आहे, मुरलेला आहे, आणि त्याचा धनी तिथंच बसून बघतो आहे. तो विचार करतो, भरपूर विचार करतो, आणि बादशहा टाकतो. पान उलटतं. गुलाम.

‘काइजी’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला हा क्षण. नोबुयुकी फुकुमोतो यांची मूळ चित्रकथा १९९६ साली सुरू झाली. तिच्यावरची मालिका मॅडहाउस या स्टुडिओनं केली, दिग्दर्शक युझो सातो. ऑक्टोबर २००७ पासून तिचे २६ भाग दाखवले गेले. ज्यांनी पाहिली नाही त्यांना आधीच सांगतो, पुढे सगळं फोडलेलं आहे.

पहिल्यांदा हा भाग पाहिला तेव्हा मी काइजीच्या बाजूनं जवळजवळ ओरडलो होतो. पुढच्या वेळी बघताना मात्र नजर हरणाऱ्यावरून हलेना. त्याचं नाव तोनेगावा. तेइआइ नावाच्या सावकारी साम्राज्यातला तो मोठा अधिकारी, अध्यक्षाच्या खालोखाल. हा माणूस अति तर्कामुळे हरला, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असा त्या भागाचा एकूण सूर आहे. मला ते पटत नाही. माझ्या मते त्यानं ऐन वेळी तर्क सोडला, आणि सोडला तो निष्ठेपायी.

काइजी तिथवर कसा पोचला

काइजी हा टोकियोतला बेकार, चिडखोर, जुगारी तरुण. एका ओळखीच्या माणसाला तो कर्जासाठी जामीन राहिला. तो माणूस पसार झाला आणि वसुलीवाला दारात आला. मूळ कर्ज ३ लाख येन. महिना २० टक्के चक्रवाढ व्याजानं १४ महिन्यांत त्याचे झाले ३८ लाख ५० हजार. (गुणाकार करून बघा, बरोबर येतो. फुकुमोतोंच्या गोष्टीत पैशांचा हिशेब सहसा चुकत नाही, हे मला त्यांचं फार आवडतं.) ते फेडायला काइजी एका जुगाराच्या जहाजावर जातो आणि कसाबसा सुटतो. काही महिन्यांनी पुन्हा त्याच लोकांच्या जाळ्यात येतो.

या वेळी जुगार पत्त्यांचा नसतो. दोन उंच इमारतींच्या मध्ये, जमिनीपासून ७४ मीटरवर, वीज सोडलेली एक लोखंडी तुळई आणि तिच्यावरून रात्री चालत जायचं. जे पडतात ते मरतात. श्रीमंत पाहुणे त्यांची धडपड करमणूक म्हणून बघत बसलेले असतात. इशिदा नावाचा एक भित्रा, सज्जन, उतारवयाकडे झुकलेला माणूस काइजीच्या मागून चालत असतो. आपल्याला पुढे जाणं जमणार नाही हे कळल्यावर तो बक्षिसाचं तिकीट काइजीच्या हाती देतो, बायकोला पैसे पोचव म्हणतो, आणि काइजी पुढे असताना मागच्या मागे खाली जातो. पडताना तो आवाज करत नाही. किंकाळी ऐकून काइजीचा तोल जाऊ नये म्हणून.

सगळ्या मालिकेत मला हा प्रसंग सर्वांत जड वाटतो. पुढच्या पत्त्यांच्या डावाचा पायाही हाच आहे. कारण तुळई पार करून आलेल्या एकट्या काइजीला मग सांगितलं जातं की तिकिटं बाद झाली आहेत. वीज बंद करा म्हणून तुम्हीच गयावया केलीत, ती आम्ही बंद केली, शर्त तिथेच मोडली. कागदावर ते बरोबरही असतं. मेलेल्याला दिलेला शब्द पाळायचा तर आता एकच वाट उरते. आणखी एक डाव, खुद्द तोनेगावाबरोबर, अध्यक्ष ह्योदोच्या डोळ्यांसमोर.

डाव

खेळाचं नाव ई-कार्ड. प्रत्येकाकडे पाच पानं. एकाकडे एक बादशहा आणि चार नागरिक, दुसऱ्याकडे एक गुलाम आणि चार नागरिक. नागरिकाला मी रयत म्हणतो, बादशहाच्या शेजारी तेच शोभतं. बादशहा रयतेला मारतो, रयत गुलामाला मारते, आणि गुलाम बादशहाला मारतो, कारण गुलामाकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. रयतेवर रयत पडली तर दोन्ही पानं बाजूला ठेवून पुढचं पान. असे १२ डाव, दर तीन डावांनी बाजू बदलायची.

पैज पैशांची नाही. काइजीच्या कानात एक यंत्र बसवलं आहे. त्यातली सुई पडद्यापासून ३० मिलिमीटरवर आहे. दर डावाला किती मिलिमीटर लावायचे ते काइजीनं ठरवायचं. हरला तर सुई तेवढी आत सरकते. जिंकला तर बादशहाकडून खेळताना मिलिमीटरला १ लाख येन, आणि गुलामाकडून खेळताना पाचपट, ५ लाख.

हा खेळ घरी मांडता येतो, मी मांडला आहे. पत्त्यांतून एक राजा आणि चार दुऱ्या एका हातात, एक गुलाम आणि चार तिऱ्या दुसऱ्या. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन बसलो. तो राजावाला असला की राजा पहिल्याच पानाला कधी टाकायचा नाही आणि शेवटपर्यंतही ठेवायचा नाही. मधल्याच कुठल्या तरी पानाला. हे माझ्या लक्षात आल्यावर त्याची हार ठरलेली. “मामा, तू पत्ते बघतोयस,” असा आरोप झाला. मी पत्ते बघत नव्हतो, त्याच्याकडे बघत होतो.

तर गणित. दोघांनी आपलं खास पान कितव्या खेपेला टाकायचं, एवढाच या खेळातला निर्णय आहे. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या की पाचव्या. बादशहा आधी पडला तर तो रयतेवर पडतो आणि जिंकतो. गुलाम आधी पडला तर तो रयतेसमोर पडतो आणि हरतो, म्हणजे पुन्हा बादशहाची बाजू जिंकते. गुलामाला जिंकायला एकच जागा आहे, दोन्ही खास पानं एकाच खेपेला पडली पाहिजेत. बादशहाला लपायचं आहे, गुलामाला शोधायचं आहे, आणि लपायला जागा पाच.

बादशहावाल्यानं यातली जागा पूर्ण चिठ्ठीवर सोडली तर गुलामवाला कितीही बुद्धिमान असो, त्याची संधी पाचात एक. म्हणजे २० टक्के. त्याला ती कुठल्याच युक्तीनं वाढवता येत नाही, कारण चिठ्ठीचं मन वाचता येत नाही. बादशहाकडे ८० टक्के बसल्या जागी. पाचपट दराचा उगम इथेच आहे. गुलामाकडून दर मिलिमीटरला सरासरी कमाई १ लाख, बादशहाकडून ८० हजार. वरवर गुलामाची बाजू फायद्याची दिसते, पण गुलामाकडून सुई पाचात चार वेळा आत सरकणार आहे आणि बादशहाकडून फक्त एकदा. दर आखणाऱ्यानं लालूच नेमकी कुठे ठेवायची याचा विचार केलेला दिसतो.

घड्याळ

तोनेगावा चिठ्ठीवर खेळत नव्हता. तो सुरुवातीपासून लबाडी करत होता. काइजीच्या कानातलं यंत्र सुई तर सरकवायचंच, शिवाय त्याच्या शरीराची बातमी, नाडी वगैरे, तोनेगावाच्या मनगटावरच्या घड्याळात पाठवायचं. काइजीनं खास पान टाकलं की छातीतली धडधड घड्याळात उमटायची. तोनेगावा मात्र चेहरा वाचण्याचं नाटक करायचा. तुझ्या डोळ्यांत दिसतं, तुझ्या स्वभावात आहे, असली मानसशास्त्राची भाषणं द्यायचा. ऐकायला ती भाषणं फार छान आहेत.

हे घड्याळ गुलामाकडून खेळताना जास्त मोलाचं आहे. बादशहा कधी पडतोय ते कळलं की गुलामाचे २० टक्के एकदम १०० होतात. बादशहाकडून खेळताना मात्र ८० चे १०० होतात, एवढंच. अकराव्या, बाराव्या डावात बादशहा तोनेगावाकडेच होता. तिथे त्याला घड्याळाची गरज सर्वांत कमी होती. हे लक्षात ठेवू.

काइजीला लबाडी कळते. मग तो जे करतो ते पहिल्यांदा बघताना मी मान फिरवली होती. आरशाच्या फुटलेल्या काचेनं तो स्वतःचा कान कापतो. कान यंत्रासकट शरीरापासून वेगळा होतो आणि घड्याळाला खरी बातमी मिळायची बंद होते. तोनेगावा त्या घड्याळावर विसंबून खेळतो आणि हरतो.

यात तर्क किती आणि वेड किती? मला वाटतं, कृती वेडाची आहे पण तिच्यामागचा हिशेब थंड डोक्याचा. जोवर घड्याळ चालू आहे तोवर गुलामाकडून जिंकण्याची संधी शून्य, म्हणून आधी घड्याळ मारायचं. जिवंत राहणं एवढाच हेतू असता तर ही किंमत कुणी मोजली नसती. इशिदाचं तिकीट खिशात आहे म्हणून ती मोजली जाते. कान कापायचा कसा ते तर्कानं सांगितलं, कापायचा की नाही हा निर्णय दिल्या शब्दाचा होता.

डाग

आता तो शेवटचा डाव. घड्याळ निकामी झालेलं आहे. काइजीच्या डोक्याला जखम आहे, कानाच्या जागी रक्त आहे, बोटं लाल आहेत, आणि एका पानाला डाग लागलेला आहे. तोनेगावाच्या तयार नजरेला तो दिसतो.

पहिला विचार सोपा आहे. डाग लागलेलं पान गुलामाचं, तेव्हा रयत टाक. पण कान कापण्याइतका पुढचा विचार करणारा माणूस डाग चुकून राहू देईल? हा डाग मुद्दाम लावलेला असणार. रयतेच्या पानाला गुलामाची खूण लावून ठेवली आहे, म्हणजे मी बिचकेन आणि बादशहा मागे ठेवेन. म्हणून बादशहा टाक. इथे तो थांबतो. ही पायरी शेवटची आहे, कारण आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर हा पोरगा असूच शकत नाही.

काइजी नेमका तिथे उभा होता. डाग गुलामालाच होता. काइजी त्याला नंतर जे ऐकवतो त्याचा मथितार्थ असा: एखादा सामान्य माणूस डाग बघून साधा अर्थ लावून मोकळा झाला असता आणि वाचला असता. तू हुशार आहेस यावर मी विश्वास ठेवला.

वाक्य झकास आहे, टाळ्यांचं आहे. इथेच प्रेक्षक ठरवून टाकतो की तोनेगावाला बुद्धी नडली. पण बादशहा कोणाकडे होता? तोनेगावाकडे. ८० टक्के कोणाचे होते? तोनेगावाचे. त्याला डाग वाचायची गरजच नव्हती. सेकंदकाटा असलेलं कुठलंही घड्याळ घ्यायचं, त्याच्या तबकडीचे बारा-बारा सेकंदांचे पाच भाग पाडायचे, डाव सुरू होताना काटा ज्या भागात असेल तितक्या खेपेला बादशहा टाकायचा आणि काइजीच्या रक्ताकडे, डोळ्यांकडे, थरथरणाऱ्या हातांकडे ढुंकूनही बघायचं नाही. मनगटावर घड्याळ बांधलेल्या माणसाला हे सुचू नये! इतका वेळ तो त्या घड्याळात दुसऱ्याचं काळीज बघत आला होता.

उलट काइजीकडे होते २० टक्के. त्याच्यासाठी स्थिर, चिठ्ठीवरचा खेळ म्हणजे पाचात चार वेळा मरण. समोरच्याला विचारात पाडणं, त्याला त्या ८० टक्क्यांच्या खुर्चीवरून उठवून अंदाजाच्या मैदानात ओढणं, हा त्याचा एकच मार्ग होता. तिथे अर्धी-अर्धी संधी मिळाली तरी ती २० पेक्षा कितीतरी बरी. म्हणून डाग लावणं तर्काला धरून होतं आणि डाग वाचणं नव्हतं. सावकारीत मुरलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. चक्रवाढ व्याज म्हणजे दुसरं काय? काही न करता बसायचं, काळ आपोआप आपल्या बाजूनं काम करतो.

मग तो उठला का?

त्याचं उत्तर ह्योदोमध्ये आहे. तो म्हातारा तिथे बसलेला आहे आणि त्याला जिंकण्याहरण्यापेक्षा माणसं कशी मोडतात हे बघण्यात रस आहे. त्याच्या दरबारात तोनेगावाची जागा कशावर टिकली आहे? मी माणसं वाचतो, मी वरचा आहे, हे खालचे आहेत, या दाव्यावर. पैसा जिवापेक्षा जड असतो, हे त्याचं गाजलेलं वाक्य. असं बोलणाऱ्या माणसानं धन्यासमोर सेकंदकाट्याच्या भरवशावर जिंकायचं म्हणजे जिंकूनही काही न मिळवणं. ते यश काट्याचं ठरलं असतं. आणि पाचातल्या एका वेळी हरला असता तर, ‘हिशेबानं योग्यच खेळलो होतो’ हे वाक्य त्या खोलीत कुणी ऐकून घेतलं असतं? नोकरी केलेल्या कुणालाही ही खोली ओळखीची वाटेल. निकाल वाईट आला की निर्णय बरोबर होता हे सांगायची सोय राहत नाही. म्हणून माणूस असा निर्णय घेतो ज्यात आपली हुशारी दिसेल.

तोनेगावा खाल्ल्या मिठाला जागणारा आहे. त्याची निष्ठा खोटी नाही, पुढे ती अंगावर काटा आणणाऱ्या रीतीनं सिद्ध होते. पण ती वर बघणारी निष्ठा आहे. वरचा काय म्हणेल, वरच्याला काय दिसेल. काइजीची निष्ठा ज्याच्याशी आहे तो मेलेला आहे. इशिदा बघत नाही, शाबासकी देणार नाही, शिक्षाही करणार नाही. त्यामुळे काइजीला पत्ते खेळताना कुणासमोर दिसायचं नव्हतं. केविलवाणा दिसला तरी चालेल, रडला तरी चालेल, कान गेला तरी चालेल. त्याच्या डोक्यातली सगळी जागा तोनेगावाला मोकळी मिळाली. तोनेगावाच्या डोक्यात मात्र काइजी अर्धाच होता, उरलेल्या जागेत म्हातारा बसला होता.

(याच तोनेगावावर २०१५ मध्ये वेगळी विनोदी चित्रकथा सुरू झाली आणि २०१८ मध्ये तिचंही अ‍ॅनिमे आलं. त्यात तो धन्याची मर्जी राखता राखता मेटाकुटीला आलेला मधल्या फळीचा साहेब आहे. लोकांना खलनायकात आपला ऑफिसातला चेहरा दिसला असणार.)

तापलेला पत्रा

हरल्यावर ह्योदो तोनेगावाला माफी मागायला लावतो. जपानी रीतीनं गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून. फक्त जमिनीच्या जागी तापलेला लोखंडी पत्रा. मन खरोखर पश्चात्तापानं भरलेलं असेल तर माणूस कुठेही कपाळ टेकवू शकतो, अगदी मांस जाळणाऱ्या पत्र्यावरही, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. मुदत १० सेकंद. ज्याच्यानं होणार नाही त्याला दाबून धरायला यंत्रही तयार आहे.

तोनेगावा यंत्र नाकारतो. स्वतःहून खाली वाकतो, कपाळ टेकवतो आणि १२ सेकंद तसाच राहतो. वरचे दोन सेकंद कुणी मागितले नव्हते.

मालिकेची संयत बाजू इथे दिसते. फुमिहिको ताचिकी यांचा निवेदनाचा आवाज एरवी प्रत्येक घामाच्या थेंबावर गडगडतो, आणि ‘झावा झावा’ ही कुजबुजीची अक्षरं पडद्यावर उठून उठून कंटाळा आणतात. (ही मालिका हातपाय फार पसरते, हे मान्य करायला हवं. एक पान उलटायला कधी कधी अर्धा भाग जातो.) पण इथे तोनेगावाची टिंगल होत नाही. काइजीसुद्धा हसत नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती तबकडी येते. बारा सेकंद म्हणजे तिचा बरोबर पाचवा हिस्सा, बादशहावाल्यानं हरण्याची जेवढी शक्यता होती तेवढा. लेखकाच्या मनात हे नसणार, योगायोगच.

काइजीला तिथून जिंकलेले पैसे घेऊन निघता आलं असतं. तो निघाला नाही. राग ह्योदोवर होता, तोनेगावा तर नुसता हात होता. म्हणून त्यानं म्हाताऱ्याला खेळायला बसवलं, तेही स्वतः बेतलेल्या डावात, टिश्यूच्या खोक्यातून चिठ्ठी उचलण्याच्या. आता युक्ती त्याची, नियम त्याचे, समोरचा आपल्या पकडीत आहे ही खात्रीही त्याचीच. म्हातारा निवांत बसून सगळं बघत होता. काइजी हरला. पैसे गेले आणि डाव्या हाताची चार बोटं गेली.